कोकोनट क्रीम कँडी, बॅच क्रमांक एक

४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.१०

दीप अमावास्या. हिने दिवे घासून पाटावर मांडलेत. उद्यापासून श्रावण. रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागची मार्चमध्ये बंद पडली, कारण पेन सापडेना.

संकल्प. सगळे सोमवार कडक उपवास. रोज सकाळी धायरी फाट्यापर्यंत चालणे. आणि मुख्य म्हणजे नारळी पौर्णिमेला घरी कोकोनट क्रीम कँडी. स्वहस्ते आणि गॅसशिवाय. व्हिडिओ पाहिला. बाई बोलते फार, पण प्रोसेस सोपी आहे. खोबऱ्याचा कीस, क्रीम, पिठीसाखर, कंडेन्स्ड मिल्क. कालवा, वळा, फ्रीजमध्ये ठेवा. एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेल्या माणसाला यात अवघड काय आहे?

गॅसशिवाय अशासाठी, की हिने मला गॅसला हात लावायची बंदी केली आहे. चिक्कीच्या पाकाची कढई अजून बाल्कनीत आहे. तिच्यात कोरफड लावली आहे. छान वाढते.

५ ऑगस्ट, सोमवार

पहिला सोमवार. उपवास कडक. साबुदाण्याची खिचडी दोनदा, कारण पहिल्या वेळी लिंबू पिळायचं राहिलं. चालणे उद्यापासून, उपवासात चक्कर येऊ शकते.

७ ऑगस्ट, बुधवार

हिने विचारलं, कँडी कोणासाठी. म्हटलं, ताईसाठी. ही भाजी चिरायची थांबली.

पार्श्वभूमी, नोंदीसाठी. सुनीतीताई, माझी थोरली बहीण, विश्रांतवाडीला असते. दोन वर्षांपूर्वी राखीला आली तेव्हा नारळाच्या वड्या करून आणल्या होत्या. मी सवयीने त्यांना मापाचा व्हर्नियर लावला आणि फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट टाकला. लांबीत चार मिलिमीटरची तफावत, वेलची असमान, दहापैकी चार, सुधारणेस वाव. रिपोर्टमध्ये एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तेव्हापासून राखी कुरिअरने येते. ही म्हणते, ताई दुखावल्या. पुरावा शून्य. कुरिअरची सर्व्हिस सुधारली, हे खरं कारण.

गेल्या वर्षी पाट मात्र मांडला होता. ओवाळायला कोणी येणार नाही हे माहीत असून मांडला. राखी स्वतःच बांधली, दातांनी गाठ मारून. हिला सांगता आलं असतं, पण बायकोने राखी बांधणं बरं दिसत नाही. वाईट वाटलं होतं. ते इथे एकदा लिहून टाकलं, विषय संपला.

८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ११

ताईला फोन. आधी गुडघे, मग पाऊस, मग सिंहगड रोडचं ट्रॅफिक. शेवटी म्हणाली, बघू. ताईचं 'बघू' म्हणजे नाही. मग सांगितलं, की यंदा गोड मी स्वतः करतोय. मग तिने विचारलं, गॅस कोण पेटवणार. म्हटलं, गॅसच नाही. ताई हसली. दोन वर्षांनी हसली. म्हणाली, मग येतेच, एकदा तरी तुझ्या हातचं खाऊ दे.

फोन ठेवल्यावर उगाच तीन वेळा जिना उतरलो आणि चढलो. चालण्याचा संकल्प यात धरला.

ताईला स्टँडर्ड दाखवणं हा हेतू नाही. दिसलं तर दिसलं.

१० ऑगस्ट, शनिवार

कच्च्या मालाची तपासणी. फेब्रुवारीत मी मार्केट यार्डातून पाच किलो सुकं खोबरं आणलं होतं. घाऊक. हिने तेव्हा विचारलं होतं, दोन माणसांना पाच किलो खोबरं कशाला. आज तिला उत्तर मिळालं.

डबा माळ्यावरून काढला. हवाबंद आहे. झाकण जरा वाकडं आहे, पण वर जुनी इस्त्री ठेवली की बसतं. वाट्या आतून पिवळसर. सोनेरीच म्हणता येईल. वास उग्र. याचा अर्थ तेल भरपूर, माल अस्सल. पाकिटातल्या खोबऱ्याला वासच नसतो, हा त्याचा दोष.

सुंदराबाई आमच्याकडे भांड्याला येतात. त्यांनी दारातच नाकाला पदर लावला आणि विचारलं, माळ्यावर काय मेलंय का. त्यांना ट्रेनिंग नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुसरा सोमवार. खिचडी एकदाच. शिवाय रताळ्याचा कीस, केळी, बटाट्याचे वेफर्स आणि राजगिऱ्याचे लाडू. कडक.

ही म्हणाली, आधी चमचाभर करून चव तरी बघा. समजावलं, की नैवेद्याचा पदार्थ दाखवण्याआधी उष्टा करायचा नाही, ही आईची शिकवण. ही म्हणाली, सासूबाईंना नुसत्या वासावरून आमटीतलं मीठ कळायचं. आईचं नाक वेगळं. माझं कारखान्याच्या पेंटशॉपने अधू झालं. म्हणून तर मी मोजमापावर विश्वास ठेवतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सोसायटीत झेंडावंदन. नंतर चहाच्या वेळी सात जणांना कँडीबद्दल सांगितलं. कोणीही एक प्रश्न विचारला नाही. मुद्दा किती स्पष्ट मांडला गेला, हे यावरून कळतं.

ट्रायल बॅच घ्यावी का, यावर विचार. डिझाइन पक्कं असेल तर ट्रायल म्हणजे स्वतःवर अविश्वास. रद्द.

१७ ऑगस्ट, शनिवार

अर्धा किलो खोबरं किसायचं ठरलं होतं. तीनशे ग्रॅमवर थांबलो. बोटाची साल गेली. ती किसातून वेगळी काढली. बहुतेक.

कंडेन्स्ड मिल्क आणायला गेलो. दुकानापाशी एक वाजून दोन मिनिटांनी पोचलो, शटर अर्धं खाली. मालक म्हणाले, चारला या. म्हटलं, फक्त एक डबा हवाय. म्हणाले, एक डबाही चारलाच मिळतो. चारला गेलो. तेव्हा म्हणाले, एकच्या आत आला असतात तर घाईत दिला असता, आता बिल करतो, थांबा.

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०.३०

उत्पादन सुरू. ही भिशीला गेली आहे. बरंच झालं, एकाग्रता राहते.

क्रीम आणायचं राहिलं. फ्रीजमध्ये सायीचं मोठं पातेलं सापडलं. क्रीम म्हणजे सायच. सगळी घेतली.

दुपारी १२.४५

ही आली. आल्या आल्या पातेलं कुठे आहे, विचारलं. सायीला कालच विरजण लावलं होतं म्हणे, आज लोणी काढून तूप कढवायचं होतं. मग पातेल्यावर तसं लिहायला नको? लग्नापासून सांगतोय, प्रत्येक भांड्यावर लेबल हवं. असो. परदेशात मिठाईत चीज घालतात, किंचित आंबूसपणा त्यात बसतो.

दुपारी ३.२०

मिश्रण वळलं जात नाही. हातात घेतलं की बोटांतून खाली. फ्रीजमध्ये दोन तास ठेवलं, गार होऊन तसंच पातळ. हिने विचारलं, याला वाढायला डाव देऊ का? दुर्लक्ष केलं. कपाटात मारी बिस्किटांचे दोन पुडे होते. लाटण्याने चुरा करून घातला. मिश्रण शिस्तीत आलं.

सायंकाळी ५.५०

बत्तीस कँडीज. प्रत्येकी पंचेचाळीस ग्रॅम, एक ग्रॅम इकडे तिकडे. व्यास व्हर्नियरने तपासला. रिजेक्शन शून्य. ताईच्या वड्यांत चार मिलिमीटरची तफावत होती, हे सहज आठवलं.

१९ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.४०

आज सोमवार आहे. म्हणजे उपवास आहे. म्हणजे मारी बिस्किट चालत नाही. पंधरा दिवस कॅलेंडरवर याच चौकोनाकडे बघतोय आणि आत्ता हे लक्षात आलं.

ताई श्रावणी सोमवार लग्नाआधीपासून करते. चाळीस वर्षांच्या वर झाली. बाळंतपणातसुद्धा मोडला नव्हता म्हणतात.

ही म्हणाली, देवाला मी बिस्किटाचा नैवेद्य दाखवणार नाही. ताजा नारळ फोडून साखरखोबरं ठेवणार म्हणाली. मी वाद घातला नाही. ताई एवढ्या लांबून येणार आणि माझ्या हातचं म्हणून तिच्यापुढे ठेवायला काहीच नाही. आज येऊ नकोस, असं कळवावं की काय, असंही मनात आलं. नंबर काढला. लावला नाही. ती परत दोन वर्षं येणार नाही, हे आठवून फोन खिशात ठेवला.

सायंकाळी ६.३०

यश. संपूर्ण आणि निर्विवाद यश. सविस्तर लिहितो.

दीडपर्यंत भद्रा होती, तेव्हा राखी बांधत नाहीत, म्हणून ताई दोनला आली. रिक्षाने. दोन जिने रेलिंगला धरून चढली. तिच्या पिशवीकडे माझी नजर गेली. वड्यांचा डबा नव्हता. बरोबरच आहे, मी करणार म्हटल्यावर ती कशाला आणेल?

पाटावर बसलो. ताईने ओवाळलं, राखी बांधली. गाठ मारायला तिला आता वेळ लागतो. मी मनगट हलवलं नाही. मग तिने, मी निदान शोभेला म्हणून ताटात ठेवलेली कँडी उचलून माझ्या तोंडापाशी आणली. मी मान मागे घेतली आणि जे होतं ते सांगून टाकलं, की यात बिस्किट आहे, आज उपवास, तुलाही चालणार नाही आणि मलाही. चुकलं, असं म्हणालो. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

ताईने हातातल्या कँडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पट्टी बांधलेल्या बोटाकडेही बघितलं. नाकापाशी नेऊन वास घेतला. म्हणाली, महादेव मला काही आजपासून ओळखत नाही, समजून घेईल, मी घेते. आणि खाल्ली! चाळीस वर्षांचा सोमवार मोडला. किती चवीने खाल्ली, सांगता येत नाही. बराच वेळ तोंडात घोळवली, डोळे मिटून. मग तांब्याभर पाणी प्यायली. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी विचारलं, कशी झाली? म्हणाली, अशी मी जन्मात खाल्ली नाही. आणि दुसरी उचलली.

ही मध्येच म्हणाली, अहो ताई, राहू द्या. मत्सर हिला कुठे नेतो!

निघताना ताई म्हणाली, सगळ्या मला बांधून दे. मी म्हटलं, थोड्या आम्हाला ठेवतो, संध्याकाळी उपवास सोडताना खाईन. ती ऐकेचना. थोरली बहीण मागतेय आणि तू नाही म्हणतोस का, असं म्हणाली. सगळ्या दिल्या. फक्त दोन मागे ठेवल्या, रिटेन्शन सॅम्पल म्हणून. माल गेल्यावर नमुना राखून ठेवायचा आणि चोवीस तास उघडायचा नाही, हा नियम मी नोकरीत एकदाही मोडला नाही. डबीवर तारीख घातली.

उपवास वरणभातावर सोडला. रिपोर्ट लिहायला घेतला आहे. आकार दहा, वजन दहा, ग्राहक समाधान दहा. चवीचा रकाना उद्या भरून लगेच ग्रुपवर टाकतो. ताईला वाईट वाटू नये म्हणून तुलना करणार नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ४.२०

चोवीस तास पूर्ण. रिपोर्ट शेजारी ठेवून डबी उघडली. अर्धी कँडी तोंडात टाकली.

बेसिनपाशी गेलो. गुळण्या केल्या. पुन्हा केल्या.

खोबरं खवट. साय आंबट. आणि बिस्किटाने दोन्हींना घट्ट धरून ठेवलेलं.

हिला विचारलं, तुला माहीत होतं का. म्हणाली, अख्ख्या जिन्याला माहीत होतं.

ताईने दोन खाल्ल्या. मी अर्धीही गिळू शकलो नाही आणि तिने दोन खाल्ल्या, त्याही उपवास मोडून. उरलेल्या अठ्ठावीस घेऊन गेली, त्या माझ्या तोंडात पडू नयेत म्हणून. मी मात्र तिच्या वड्यांना सगळ्या घरासमोर व्हर्नियर लावला होता. चांगल्या झाल्या होत्या त्या. मीच सात खाल्ल्या होत्या.

रिपोर्ट फाडला.

सायंकाळी ५

ताईला फोन केला. पोट बरं आहे का, असं विचारायचं होतं. कशी आहेस, एवढंच विचारलं. उत्तम म्हणाली. कँडीज संपल्या म्हणाली, शेजारपाजारच्यांनी मागून नेल्या. ताईला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, आवाज वर जातो.

म्हटलं, पुढच्या वर्षी तू वड्या आण. ती म्हणाली, माझ्या लहानमोठ्या होतात. म्हटलं, होऊ देत. मग ती म्हणाली, पुढचं वर्ष कोणी बघितलंय, रविवारीच घेऊन येते.

बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मघापासून डोळ्यांतून पाणी येतंय. खवट खोबऱ्याने होतं असं.