येते की जाते

शुक्रवार, संध्याकाळ

ईशाचा इटलीहून फोन येऊन गेला, तेव्हापासून कुकर लावायचा राहिलाय. महिना झाला तिला तिकडे शिकायला जाऊन. काल सकाळी कॉलेजला निघताना घरमालकीणबाईंना ती सवयीने ‘येते हं’ म्हणाली, तेही इटालियनमध्ये! म्हातारीला वाटलं, ही लगेच परत येतेय. कॉफी करून, दार उघडं ठेवून बसली बिचारी. “आई, संध्याकाळी गेले तर म्हणते कशी, तुझी कॉफी गार झाली!” दोघी पोट धरून हसलो.

मग आठवलं. एअरपोर्टवर गडबडीत मला मात्र ‘चल आई, जाते’ म्हणाली होती. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे मीच शिकवलेलं. तेव्हा मनाला लागलं होतं.

आत्ता गॅलरीत बसून लिहितेय. खाडीकडून वारा येतोय, आणि मला ते कधी न पाहिलेलं उघडं दार दिसतंय. आत टेबलावर कॉफीचा कप. चांगलंच आहे की, तिची वाट बघणारं तिथेही कुणी आहे. मग मला असं का होतंय?

आणि आज फोन ठेवताना काय म्हणाली ती? येते की जाते? हसण्याच्या नादात ऐकायचंच राहिलं.