पुलाचा नारळ

गुरुजी, सकाळपासून तुमची सारखी आठवण येते आहे. उद्या आपल्या नदीवरच्या पुलाचं भूमिपूजन आहे. हसू नका. हो, परत.

तुमची शाळा आणि घर पलीकडच्या काठाला. पावसाळ्यात पाणी वाढलं की तुम्ही धोतर खोचून उभे, एकेकाला खांद्यावर घेताय. सातवीच्या सहामाही परीक्षेला मला तसंच नेलंत आणि मधल्या धारेत ओरडलात, "हलू नको, दोघं जाऊ!" आमदार झालो तेव्हा पाचोऱ्याहून थेट तुमच्याकडे आलो, हारतुरे, गाड्या घेऊन. पाया पडायला वाकलो, तर तुमची नजर माझ्याच पायांवर. "तुना पाय कोरडा कसा रे?" सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं. गाडी मोठ्या रस्त्याने वळसा घालून आली होती. त्याच महिन्यात पुलाचा पहिला नारळ फोडला, आणि तो गुरुजी, मनापासून फोडला होता.

राज्यमंत्री झालो तेव्हा दुसरा. पक्ष बदलला तेव्हा तिसरा. पुलासाठीच बदलला असं भाषणात सांगितलं, आणि ते निम्मं खरंही होतं. मुंबईत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, मी तिच्या मागे; मग सरकार पडायचं आणि पहिले पाढे पंचावन्न. तुम्ही गेल्यावरच्या त्या तिसऱ्या नारळाला, तुमच्यामागे घरात एकट्या राहिलेल्या माई प्रसादाचा तुकडा चावत म्हणाल्या, "खोबरं गोड शे भाऊ, पण पूल कोठे शे?" त्याच पावसाळ्यात तुमच्या शाळेतली एक मुलगी नदी ओलांडताना वाहून गेली. मी भेटायला गेलो. तिच्या बापाने मला शिवीसुद्धा दिली नाही. खुर्ची दिली, चहा दिला.

आता यंदा तिकीट मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि पुलाला मंजुरीही नाही. उद्या येणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक आहे. तरी येतील, मंडप टाकून झाला आहे. माझ्या हयातीत तो पूल होईल असं मला वाटत नाही, गुरुजी. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

हे पत्र उद्या माईंना वाचून दाखवावं असं मनात होतं. धीर होत नाही, खिशातच राहील. नदीला सध्या घोटाभरच पाणी आहे, सहज उतरून येता येईल. पण मी उद्याही गाडीनंच येणार आहे, वळसा घालून.