सातचा रुपया

तीर्थरूप आबा,

दत्तूकाकांनी शेगडी पेटवली आहे. मूस तापली की आईच्या माळेतले रुपये आटवायचे आणि त्या चांदीची माझी लग्नाची जोडवी करायची, हा बेत तुमचाच. पण शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, “सातचा तेवढा ठेव.” काका आता उत्तर मागताहेत. त्यांना काय सांगू, ते आधी तुम्हाला लिहिते.

कुठला सातचा? दाखवून ठेवायला काय झालं होतं?

फारसी आकडे तुम्हीच मला शिकवलेत. वर उघडा तो सात, खाली उघडा तो आठ. पेशवाईतला हा रुपया ठशापेक्षा लहान, म्हणून सालातला शेवटचा आकडाच काठाशी उमटलेला. माळेतल्या सगळ्यांवर आठ आणि एकावर सात. “कोरणाऱ्याला फारसी येत नसणार,” तुम्ही म्हणायचात, “असा चुकलेला रुपया पुण्याच्या सराफानंही पाहिला नसेल!” तुझ्या कारखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघ, म्हणालात. घरची वस्तू आत नेता येत नाही, म्हणाले मी. नियम खरा होता. पण संध्याकाळी घरी भिंग घेऊन बसायला कुणी मनाई केली होती?

आज बसले. प्रयोगशाळेतली सवय: प्रत्येक नमुना एकाच बाजूने धरायचा. रुपयावरचा अंकुश, टांकसाळीची ती खूण, उभा येईल असा एकेक लावला. एकाचा अंकुश, दोरा ओवायची कडी जोडताना लावलेल्या झाळेखाली बुजला होता. भिंगातून त्याचं टोक दिसलं, तोही सुलटा धरला. सगळ्यांवर आठ. पुन्हा पाहिलं. पुन्हा आठ.

“औषधाच्या कारखान्यात बुरशी ओळखतेस,” काका ओरडले, “आणि घरच्या रुपयावरचा आकडा दिसेना? चुकीचा असेल तर ठेवू. नाहीतर घाल मुशीत, चांदी तशीच कमी पडतेय!”

आई आली. मी रुपये पुन्हा दोऱ्यात ओवले होते, हरवू नयेत म्हणून. तिने माळ उचलली आणि क्षणभर गळ्याशी धरली. तुम्ही गेल्यापासून तिने गळ्यात काही घातलं नव्हतं.

आणि मला सात दिसला, आबा! माळेच्या मधोमध, वर उघडा.

त्या एकाच रुपयाची कडी खालच्या बाजूला बसली आहे. तो उलटा लटकतो, म्हणून आठाचा सात होतो. टांकसाळ चुकलेली नाही. कडी कुणी लावली, मी आईला विचारलं.

“त्यांनीच. लग्नानंतरची पहिली माळ, घाई केवढी!” मग तिने माझ्याकडून त्या सातचं सगळं ऐकून घेतलं. “मला वाटायचं, माझ्याकडं बघतायत. रुपया वाचत होते व्हय!” ती हसली. किती दिवसांनी! मग माळ पटकन खाली ठेवून आत गेली.

तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? सोनार माणूस, स्वतःच्या हातची झाळ, आणि एकदाही तो रुपया हातात घेऊन फिरवला नाहीत? की फिरवला होतात आणि आम्हाला सांगितलं नाहीत? हे आता कुठल्या भिंगाने तपासू?

काका पुन्हा हाक मारताहेत. मी खोटं सांगणार नाही. रुपया दुर्मिळ नाही, त्यावर आठच आहे, हे सांगेन. आणि तरीही तो मुशीत जाणार नाही, हेही सांगेन. जोडवी हलकी झाली तर हलकी घालीन.

त्याची कडी मी कधी सुलटी करणार नाही, आबा. करू देणारही नाही. तुम्ही जिथून वाचलात, तिथून तो सातच राहील.

तुमची,
कुसुम