दहा वातींची चूल

॥ श्री ॥

भिलाई, ता. २८ सप्टेंबर १९६४

ती. सौ. पुष्पा वहिनीले धाकट्या देराचा, प्रेमलालचा, वाकून नमस्कार. वि. वि.

हे पाहा वहिनी, पंपाचा स्टोव्ह फुटते असं मी कधीच म्हटलं नव्हतं. फुटते म्हणणारी माय. मी एवढंच लिहिलं होतं की तो बोंबलते. तुम्ही दोन्ही गोष्टी माह्या नावावर लावून दादाले वाचून दाखवल्या, अन् दादानं मले भित्रा ठरवलं. ज्यानं ताडाएवढ्या क्रेनवर चढून ग्रीस लावलं, तो पितळेच्या भांड्याले भिते काय? पण जाऊ द्या. तुमच्याशी भांडण्यात माही पोस्टाची तिकिटं संपून राह्यली.

भांडणाचं मूळ मायच्या डोळ्यात आहे. बालाघाटच्या डॉक्टरनं मोतीबिंदू काढला तेव्हा मी तिथं हजर होतो. हिले धुरापासून दूर ठेवा, नाही तर डोळा गेला समजा, असं त्यानं माह्यासमोर सांगतलं. अन् माय काही चुलीपुढून हटत नाही. हटली की तिले वाटते, घर आपल्यावाचून चालून राह्यलं, अन् ते तिले सोसत नाही. मंग माय हटत नाही तर धूर हटवा लागते.

म्हणून मी महिनाभर इथं लोकाइच्या चुली पाहत फिरलो. ड्यूटी सुटली की कोणाच्याही सैपाकघरात डोकावणं, हाच धंदा. दोन बाया लाटणं घेऊन मागं लागल्या. कोळशाची सिगडी पाहिली. धग चांगली, पण पेटेपर्यंत एवढा धूर सोडते की आपली चूल बरी. भुशाची सिगडी पाहिली. धानाचा भुसा आपल्या गावात फुकट आहे, पण तो ठोकून ठोकून भरा लागते, अन् एकदा पेटली की विझायचं नाव नाही. एका कपासाठी पेटवली तर दिवसभर चहाच करत बसा. एका साहेबाच्या बंगल्यात बिजलीची सिगडी आहे, लाल तारेची. धूर नाही, जाळ नाही, आवाज नाही. पण आपल्या घरात बिजलीची तार यायले माह्या लग्नाएवढीच देर आहे. गॅस म्हणून काहीतरी मुंबईकडे निघालं म्हणते, लोखंडी टाकीत हवा भरून. हवेवर दाळ शिजते हे तुम्ही मायले सांगून पाहा, अन् मंग माह्या डोक्यावर लिंबू चोळा.

शेवटी वातीचा स्टोव्ह घेतला. दहा वाती, हिरवा रंग, बावीस रुपये. बोंबलत नाही, फुटत नाही, फक्त वाती बरोबर कापत जाजा. चहा अन् दाळ त्याच्यावर, बाकीचं आपल्या चुलीवर. आपल्या गावचा मोतीलाल, जो इथं माह्याच खोलीत राह्यते, तो दसऱ्याले येऊन राह्यला. त्याच्यासंगं धाडतो. गोंदियाले छोट्या रुळाच्या गाडीत बसला की स्टोव्ह मांडीवर घेईन, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

दादाले दंडवत, मायच्या पाया पडतो. माया पातळ होऊ देऊ नका, अन् मी न बोललेलं माह्या नावावर लावू नका.

तुमचा प्रेमलाल


॥ श्री ॥

लामता, ता. १९ ऑक्टोबर १९६४

चि. प्रेमलाल भाऊजीले वहिनीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

स्टोव्ह सुखरूप पोचला. घर मात्र सुखरूप राह्यलं नाही, म्हणून लिहायले बसली.

मोतीलालनं तो अंगणात ठेवला तसा तुमच्या मायनं पाट मांगतला. स्टोव्हले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, अन् पहिल्यांदा पेटवला तो दूध उतू घालायले. मी म्हटलं, माय, हा चहापुरता स्टोव्ह आहे, नव्या संसाराची चूल नाही. तर म्हणे, पोराच्या कमाईचा विस्तव आहे, असा कोरडा कसा पेटवू. नेमक्या तेव्हाच डोमाजी काकाच्या चंपाकाकू ताक मांगायले आल्या अन् दूध उतू जाताना त्याईनं डोळ्यानं पाह्यलं. आपल्या इथं वाटणी झाली की धाकटा भाऊ वेगळी चूल मांडते अन् तिच्यावर पहिलं दूध उतू घालते, हे तुम्हाले सांगायले नको. दिवे लागायच्या आत गावभर झालं की महागू अन् प्रेमलाल वेगळे निघाले.

दुसऱ्या दिवशी डोमाजी काका दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेची अन् नाटकाची वर्गणी मांगायले आले. आपल्या मामंजींचे चुलतभाऊ म्हणून आजवर पान खाऊन, दोन रुपये घेऊन जात होते. या खेपेले ओट्यावर मांडी घालून म्हणाले, चुलीमागं दोन रुपये असा गावचा कायदा आहे, तुमच्या चुली दोन, चार रुपये काढा. संगं कोतवार पुनाराम होता. त्यानं वाकून स्टोव्हच्या वाती मोजल्या अन् काकाले इचारलं की दहा वाती म्हणजे दहा चुली धरायच्या की एक. काका त्याच्यावर खूप वेळ विचार करत बसले. मी मधात बोलली नसती तर स्टोव्हची किंमत पुन्हा एकदा भरा लागली असती.

मंग पुनारामच्याच घरी नातवाचं बारसं निघालं. चूलबंद निमंत्रण, म्हणजे घरी जाळ करायचा नाही, सगळ्याईनं तिकडंच जेवायचं. निमंत्रणाच्या सुपाऱ्या दोन आल्या. एक तुमच्या दादाच्या नावची, एक तुमच्या. तुमच्या चुलीवरचं माणूस कोण? तुमची माय. ती नवं लुगडं नेसली, तुमच्या नावची सुपारी हातात धरून आमच्या पुढं चालत गेली अन् घरधन्याइच्या पंगतीत जाऊन बसली. वापस आल्यावर म्हणे, तिकडच्या पंगतीत वाढणं चांगलं होतं.

मी तर हसून हसून मेली असती. पण तुमचे दादा हसले नाही. त्या दिवसापासून स्टोव्हवरचा चहा पेत नाही. इचारलं तर म्हणे, ज्याची चूल त्याले इचारून प्या लागते. धान कापणीले आलं, शेताच्या बांध्या फिरून येतात, जेवतात, अन् पुन्हा तिकडंच निघून जातात. स्टोव्ह वापस धाडावा तर मायचा डोळा जाते, ठेवावा तर भावाचं मन जाते. भाऊजी, तुम्ही मले खरं सांगा, तुम्हाले वेगळं व्हायचं आहे काय? असलं तर आधी मले लिहा. आपल्या घराची गोष्ट मले चंपाकाकूच्या तोंडून कळू नये.

पोटाकडे पाहजा. जशी आठवण काढता तशीच काढत राहजा.

तुमची वहिनी पुष्पलता


॥ श्री ॥

भिलाई, ता. २५ ऑक्टोबर १९६४

ती. स्व. महागूदादाच्या पायावर प्रेमलालचं डोकं.

तुहं डोकं मात्र ठिकाणावर आहे काय? मोठ्या भावाले पत्र लिहायची ही रीत नाही, हे मोतीलाल बाजूले बसून मले सांगूनच राह्यला. पण मी बाजारात मायचा डोळा वाचवायले गेलतो, अन् वाटणी घेऊन आलो असं कसं झालं? मी वेगळा निघालो असतो तर मले कळलं नसतं काय? इथं तर मले कोणीच सांगतलं नाही.

अन् चुलीवरूनच घर धरायचं तर ऐक. मी मेसमध्ये जेवतो. तिथं एका भट्टीवर साठ जणाइचा भात शिजते. पंजाबी आहे, मद्रासी आहे, उडिया आहे, एक तर कुठला आहे ते त्यालेच माहीत. डोमाजी काकाच्या कायद्यानं आम्ही साठ सख्खे भाऊ झालो. मंग बाबाच्या चार एकराचे साठ हिस्से पाड अन् काकाले म्हण, मोजणीले तुम्हीच उभे राहा. त्या पंजाब्याले मी सांगून ठेवलं की तुही लामत्यात जमीन निघून राह्यली. तो खूश आहे.

माहा पाय एका जागी ठरत नाही म्हणून तुम्ही सगळे मले बोलता. हौ, नाही ठरत. तिसरीतून पळालो, तिरोडीच्या खाणीतून पळालो, गोंदियाले बिडी वळायले बसलो तिथून पळालो, अन् इथं फोरमनशी वाजलं म्हणून राउरकेल्याच्या कारखान्याचं मनात घेऊन बसलो. पण दादा, माणूस पळते ते कशाच्या भरवशावर? लामत्यात तुह्या थाळीच्या बाजूले माही थाळी पालथी ठेवली आहे, कधीही गेलो तरी ती सुलटी होते, याच भरवशावर मी पळतो. ती थाळीच तू दुसऱ्या चुलीवर नेऊन ठेवली तर मी पळून येऊ कुठं?

मोतीलालनं एक तोड काढली. म्हणे, विस्तव एक असला तर चूल एक. वहिनीले सांगजो, स्टोव्हले आगपेटी लावू नोको. आपल्या चुलीतली जळती काडी घ्यायची अन् तिनं वाती पेटवायच्या. मंग तो स्टोव्ह आपल्याच चुलीचं लेकरू झाला, त्याले वेगळी सुपारी कशाची? काकाले बोलावून डोळ्यादेखत पेटवून दाखव.

राग धरू नोको. धरायचाच असला तर चहा पिऊन धर. तुही माया आहे म्हणून इथं झोप लागते.

तुहा प्रेमलाल


॥ श्री ॥

लामता, ता. ३१ ऑक्टोबर १९६४

चि. भाऊजीले आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या मोतीलालची तोड फार चांगली निघाली. एवढी चांगली की तिनं अर्धं गाव पेटलं.

काकाले बोलावलं, चुलीतली काडी स्टोव्हले लावून दाखवली. त्याईनं ओट्यावर चार लोकाइसमोर निकाल दिला की विस्तव एक तर चूल एक, महागूचं घर एक. मी देवापुढं साखर ठेवली. पण आगपेटी वाचवायले आपल्या गल्लीतल्या बाया रोज सकाळी चंपाकाकूच्या चुलीतूनच विस्तव नेतात, हे काकाच्या ध्यानात राह्यलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वर्गणीले निघाले तर ज्या घरी जावं तिथं एकच जवाब. आमच्या चुलीत विस्तव तुमचा, आम्ही तुमच्याच घरचे, आमची वर्गणी तुम्हीच भरा. सारी गल्ली काकाच्या घरची निघाली. दोघी तिघी तर चंपाकाकूले इचारून गेल्या की दिवाळीचं जेवायले किती वाजता यायचं. एका बुढ्यानं काकाले बांधीतला हिस्सा मांगतला. शेवटी काकूनं आपल्या चुलीत घागरभर पाणी ओतलं, तेव्हा कुठं तिचा संसार लहान झाला.

मंग काकानं निकाल फिरवला. आता म्हणे, ज्याच्या पैशाची चूल त्याची. दोघाइनं अर्धे अर्धे पैसे घातले असतील तरच सामाईक. यावर कोणी हसलं नाही, कारण वाद घालून सगळे थकले होते.

तुमच्या दादानं मात्र ते मनावर घेतलं. कोठीतलं जुनं धान काढलं, परसवाड्याच्या बाजारात विकलं, अन् अकरा रुपयांची मनीऑर्डर तुमच्या नावानं लावून आले. अर्ध्या स्टोव्हचे. दिवाळी दारात अन् हा खर्च, म्हणून मी भांडली. ते म्हणे, तू मधात पडू नोको, हा आम्हा भावाइचा मामला आहे. खाली त्याईनं स्वतः लिहिलं आहे. लग्न होऊन इतके वर्षं झाले, मी त्याईचं अक्षर आज पाह्यलं.

चि. प्रेमलाल, आशीर्वाद. अकरा रुपये घेजो. म्हणजे पाच वाती तुह्या, पाच माह्या, भांडण मिटलं. गाववाले काय म्हणते त्याचं मले काही नाही. तुले बांधी पाहिजे तर बांधी घे, मी मोजून पाहणार नाही. तू वेगळा झाला तर गावाले यायचा नाही, त्याची भीती वाटते. पैसे पोचल्याचं लिहिजो. तोपर्यंत चहा राहू दे. तुहा महागू.


॥ श्री ॥

भिलाई, ता. १० नोव्हेंबर १९६४

ती. स्व. दादाच्या पायावर डोकं.

अकरा रुपये पोचले. पोस्टमनले वाटलं, तूच पत्ता उलटा लिहिला. भिलाईतून गावाले पैसे जातात हे त्याले माहीत, गावातून भिलाईले आले हे त्यानं पहिल्यांदाच पाह्यलं. त्यानं मले वरून खाली पाह्यलं अन् इचारलं की बिमार आहे काय.

सही करून मी विचार करत बसलो. सवय नाही, म्हणून डोकं दुखलं. हे अकरा रुपये मी ठेवून घेतले तर बाकीचे अकरा माहे झाले. ते माहे झाले तर माहा पगार माहा झाला. अन् पगार माहा झाला तर मी वेगळा झालोच की, त्याच्यात स्टोव्हचा काय दोष? तू घर एक करायले पैसे धाडले, अन् ते घेतल्यानंच घर फुटते. शाळेत एक हिशेब सुटला नाही, हा कसा सुटला देव जाणे.

मोतीलाल म्हणे, वापस धाड. वापस धाडले तर तुले वाटन की यानं माह्या पाच वाती फेकून मारल्या. ठेवता येत नाही, धाडता येत नाही. ते अकरा रुपये मी विंचू बांधून फिरावं तसे खिशात घेऊन फिरलो. जेवताना खिशावर हात, झोपताना खिशावर हात.

मंग पगार झाला. मेसचे पैसे भरले, अन् उरलेल्या नोटा अन् तुह्या नोटा एका टोपीत टाकल्या. मोतीलालले म्हटलं, डोळे मिट अन् हलव. त्यानं एवढ्या जोरात हलवल्या की चिल्लर खाटेखाली गेली, ती सगळ्याईनं मिळून काढली. त्याच टोपीतून साऱ्या खोलीले चहा पाजला. त्याच टोपीतून गाडीचे पैसे बाजूले ठेवले, कारण मी मंडईले येऊन राह्यलो. फोरमननं इचारलं काहून, तर सांगतलं की घरचा स्टोव्ह पेटत नाही. तो म्हणे, स्टोव्हसाठी कोणी रजा मांगते काय. मी म्हटलं, आमच्या गावात स्टोव्हसाठी काय काय होते ते तुम्हाले माहीत नाही. हसला अन् चार दिवस दिले. राउरकेला आता होळीनंतर पाहू.

काकाले चार रुपये पाहिजे असतील तर चार देजो. मंडईच्या नाटकवाल्याइचं पोट भरन, आपलं काही जात नाही. मायच्या डोळ्याले जपा. वहिनीले नमस्कार, अन् माह्या नावावर या खेपेले पाहिजे ते लिहा म्हणजो. तू चहा आज पेजो, मी येईपर्यंत थांबू नोको.

टोपीत जे उरलं त्याची मनीऑर्डर लावली. त्यातले तुहे कोणते, माहे कोणते, चहात कोणाचे गेले अन् गाडीत कोणाचे, हे आता मलेही सांगता येत नाही अन् डोमाजी काकाच्या बापालेही. माया धरली तशी धरून ठेवजो. तुहा धाकटा भाऊ प्रेमलाल घरी धाडून राह्यला, सदतीस रुपये.