माज्या धापेची कारणं

९ जानेवारी, गुरुवार
काल काय सांगितलं, आठवतंय का गं वही? न्हाई ना. तू माज्या लेकासारखी, धम्मदीपसारखी. सांगितलेलं सगळं पोटात घालायचं आणि परत विचारलं की कोरं तोंड.

म्हणून पुन्यांदा सांगते. मी बनाबाई, शिवऱ्याची. हापशावरनं घरी घागर आणता आणता तीनदा बसते. भोरचा डॉक्टर म्हणला, धाप कधी लागते ते लिहून ठेवा. कुणाला म्हणला? जिला ‘ब’ काढता येत न्हाई तिला. मग शेजारची छाया लिहिते. अंगणवाडीत असते. अक्षर तिचं, धाप माजी.

१२ जानेवारी
हापसा. आज चारदा बसले.

१५ जानेवारी
कारणं लई मिळाली. फुकट असतात ती.

सखूबाई म्हणते, “नाना गेल्यापासनं तू मनाला लावून घेतलंस.” अगं, चाळीस वर्षं संसारात त्या माणसाची कटकट ऐकत श्वास घेतला. ते गेल्यावर मोकळा नको का यायला?

डॉक्टर म्हणला, हायवेची धूळ. तोंडात ओढायचा पंप दिला. ओढला. तोंड कडू झालं, धाप तशीच.

धम्मदीप फोनवर म्हणला, “आई, वय झालंय तुझं.” व्हय, झालंय. पर गेल्या पावसाळ्यात हेच वय चिखलात वाकून भात लावत होतं. तवा कुणी मोजलं न्हाई.

१९ जानेवारी, रविवार
धम्मदीप पुण्यावरनं येणार होता. आला न्हाई. गावच्या गोरखच्या टेम्पोतनं पिशवी आली. दर महिन्याला येते — गुडघ्याच्या गोळ्या, डॉक्टरला न इचारता दुकानातनं घेतलेल्या. सकाळी दोन, सांजच्याला दोन. वर्ष झालं, लेक येत न्हाई, गोळ्या येतात. गुडघे आता गप आहेत. लेकासारखेच.

पिशवीची गाठ त्यानं मारलेली असते. मी ती लगेच सोडत न्हाई. छाया, हे लिहिलंस का? असू दे.

२३ जानेवारी, गुरुवार
भोरला गेले. एसटीत चढताना डोळ्यापुढं अंधारी आली. छायानं धरलं. छातीचा फोटो काढला, साफ निघाला. मग रक्त तपासलं.

“आजी, रक्त सहावर आलंय. पाहिजे त्याच्या निम्मं. धाप त्यानंच लागतीय. पण रक्त जातंय कुठं?”

मला इचारतोय! मी काय त्याच्यामागं पाळतीवर होते?

मग म्हणला, “संडासला काळं होतं का?” शेजारी छाया, दारात गावचा भिमा उभा. मी म्हणले, न्हाई. “गोळ्या कुठल्या चालू आहेत?” तेबी न्हाई म्हणले. लेकानं धाडलेलं म्हणजे का औषध असतं?

डॉक्टर म्हणला, कारण सापडंना तर रक्त जातच राहणार, काळीज किती दिवस ओढणार. दोन दिवसांत भरती व्हा.

येताना भिमा म्हणतो, “म्हातारी, जरा खात जा.” साऱ्यांचं झाल्यावर टोपलीत जे उरायचं ते खाल्लं मी, जन्मभर. हे आज सांगतोय.

२४ जानेवारी
छाया, हे लिहू नको.

लिही. डॉक्टरपुढं खोटं बोलले, वहीपुढं कशाला? तीन महिने डांबरासारखं काळं होतंय. मला वाटलं, मिश्री लावते, ती पोटात जात असंल. आणि दोन माणसांच्या देखत म्हातारीनं आपला संडास सांगायचा व्हय?

छायानं पेन खाली ठेवलं. म्हणली, “आजी, तुमी मरायला निघालात आणि लाजताय?” मग गोळ्यांची पिशवी मागून घेतली. पाकिटाचा फोटो काढून डॉक्टरला मोबाईलवर धाडला, काळं होतंय तेबी कळवलं.

२५ जानेवारी
डॉक्टरचा फोन आला. “गोळ्या बंद करा. ह्यांनीच पोटात जखम केली, तिथनंच रक्त गेलं.” दुपारी भरती व्हायचंय.

छाया म्हणते, धम्मदीपला सांगायला पाहिजे. न्हाई. लिहिणारी तू, सांगणारी मी. त्याला एवढंच कळव — आईचे गुडघे बरे झाले, गोळ्या नको. म्हणावं, लेका, त्याच पिशवीत खजूर पाठव, मऊ बघून. आणि गाठ तूच मार.