मर्नाचं भांडं

३ नोव्हेंबर, मोंटाना

कच्चे राहिले! बीन्स रात्रभर भिजवले होते. सकाळी ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या आमच्या घराच्या, शेगडीवर चांगले खळखळ उकळले, मग भांडं तसंच्या तसं ऊब धरून ठेवणाऱ्या थर्मल कुकरमध्ये बंद केलं आणि वरून दोन टॉवेल गुंडाळले. दिवसभर गाडी चालत होती, वाटेत एकदाही झाकण उघडलं नाही. आतल्या आत शिजायला हवे होते. संध्याकाळी बघते तर कोमट पाणी आणि खडे.

ऑर्विलने एक घास तोंडात घोळवला आणि ताट सरकवलं. "मर्ना याच भांड्यात करायची. लोण्यासारखे व्हायचे."

मर्ना म्हणजे त्याची पहिली बायको; दुसरी मी. तिला जाऊन सहा वर्षं झाली. कुकर तिचा, ट्रेलर तिचा, पडद्यांवरच्या भरतकामातल्या कोंबड्याही तिच्याच. या ट्रेलरमध्ये माझा फक्त टूथब्रश!

७ नोव्हेंबर, युटा

मसुराचं पातळ सूप केलं. ऑर्विल वाटीभर प्यायला. काही बोलला नाही — म्हणजे कौतुकच समजायचं.

८ नोव्हेंबर

पुन्हा बीन्स. पुन्हा कोमट. पुन्हा मर्ना.

१२ नोव्हेंबर, युमा

पोचलो एकदाचे. घरी, तिकडे उत्तरेला सस्कॅचवानमध्ये बर्फ पडला असेल आणि इथे माणसं अर्ध्या चड्डीत. दर हिवाळ्यात येणारी तीच मंडळी, तेच ट्रेलर, त्याच जागा. नवीन फक्त मी. सगळ्यांनी ऑर्विलला मिठ्या मारल्या. "काय रे, केवढा वाळलास!"

"नवी बायको उपाशी ठेवते," तो म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

शेजारची ओपल संध्याकाळी कुकरमध्ये डोकावली. "अगं इंगा, अर्धंच भरतेस? काठोकाठ भर. रिकामी जागा सगळी ऊब खाऊन टाकते."

"दोघांना कशाला एवढं?"

"मर्नाही दोघांसाठीच करायची, पण भांडं भरून! उरलेलं आम्हा सगळ्यांना वाटायची."

झालं, इथेही मर्ना! पण ओपलचं म्हणणं पटलं. राग ऑर्विलचा आला. वीस हिवाळे हा माणूस मर्नाबरोबर फिरला, तिला भांडं भरताना रोज बघितलं. मला एवढं सांगायला काय जीभ झिजत होती?

१५ नोव्हेंबर

या माणसाने आज हद्द केली.

आज सगळे मिळून वाळवंटात रंगीत दगड वेचायला गेलो. सकाळी भांडं काठोकाठ भरलं. बीन्स, कांदा, मांसासकट डुकराचं हाड. गाडीत मागे ब्लँकेटमध्ये घट्ट बसवलं. रस्ता कसला, नुसते खड्डे. चार वाजता झाकण उघडलं तर वाफेने चष्मा धुरकटला! मांस हाडावरून आपोआप सुटलं. बीन जिभेवर ठेवला की विरघळत होता. ओपलने दोनदा घेतले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

ऑर्विलने एक घास घेतला. चावला, चावला, किती वेळ चावला — आणि रुमालात थुंकला. सगळ्यांसमोर! "कच्चे आहेत."

ओपलचा नवरा म्हणाला, "अरे, माझी कवळी ट्रेलरमध्ये राहिलीय, तरी मी खाल्ले!"

कोणी हसलं नाही. मी भांडं घासायला घेतलं. पाणी नव्हतं तिथे, वाळूने घासलं.

१६ नोव्हेंबर

सरळ विचारलं. "तुला मी नकोय का?"

"मी बीन्सबद्दल बोलत होतो."

बीन्सबद्दल म्हणे!

१७ नोव्हेंबर

ठरलं. रविवारी ओपल मला बसस्टँडवर सोडणार. मी बहिणीकडे जाते. एकसष्टाव्या वर्षी मेलेल्या बाईशी शर्यत लावायची मला हौस नाही. त्याने आणि त्या भांड्याने सुखाने नांदावं.

बॅग बाहेर काढली. त्याने बघितली. मला वाटलं, आता थांब म्हणेल. निदान कुठे चाललीस म्हणून तरी विचारेल.

"उद्या सूप करशील?" म्हणाला.

मी बॅग भरायला घेतली.

१८ नोव्हेंबर

सूप केलं नाही. टोस्ट दिला. तसाच पडून होता.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी त्याच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरेना. ओपलने बसस्टँडऐवजी दवाखान्याकडे गाडी घेतली. माझी बॅग मागच्या सीटवर तशीच.

नर्सने विचारलं, "गिळताना कधीपासून अडकतंय?"

"ऑगस्टपासून," ऑर्विल म्हणाला. घरी डॉक्टरला दाखवलं असतं तर आजार नोंदला जाऊन प्रवासाचा विमा मिळाला नसता, म्हणून गप्प बसला. हिवाळा इथे काढायचा होता त्याला. मला दाखवायचं होतं म्हणे हे सगळं.

"मग माझे बीन्स?" मी विचारलं.

"चांगलेच असणार, इंगा. वास फार छान येत होता."