दुर्बीण लगेच वळते

प्रिय आई,
तुला, बाबांना आणि संघर्षदादाला लडाखहून जय भीम.

मी बरी आहे. थंडी आहे, पण तू विणलेला स्वेटर अंगातून काढत नाही.

फोनवर तू विषय बदलतेस, दादा फोन कापतो, म्हणून लिहितेय. रविवारी व्हिडिओ कॉलवर बुद्धवंदना झाली, ती दादाने घेतली. बाबा घरात असताना दुसरं कुणी घेईल? तू म्हणालीस, ते खाली गेलेत. त्यांच्या चपला तर तुझ्यामागे दारातच दिसत होत्या.

नायगावच्या चाळीत असतो तर शेजारच्या शांतामावशीने मला तेव्हाच कळवलं असतं. या नव्या टॉवरमध्ये सगळ्यांची दारं बंद.

इथली आमची दुर्बीण आपोआप चालते, मी फक्त तिची देखभाल करते. आकाशात लांब कुठे तारा फुटला की उपग्रहाकडून तिला निरोप येतो आणि कुणाला न विचारता ती तिकडे वळते. तो उजेड फार टिकत नाही, म्हणून ही घाई.

तुम्ही मात्र पोरीला काळजी नको म्हणून सगळं झाल्यावर सांगता. आजी गेली, ते मला पुण्यानुमोदनाचा विधी उरकल्यावर कळलं.

माझ्यासोबत काम करणारा वैभव उद्या विमानाने मुंबईला, दादरच्या घरी चाललाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. बाबांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही, असं त्याला बजावलंय.

बाबांना काय झालंय, ते त्याच्यासमोर मला फोन करून सांग. उशिरा वळलेल्या दुर्बिणीला तिथे नुसता काळोख दिसतो, आई.

तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली,
अपूर्वा